पोलिसांच्या पाठलागात तुमच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढे पळणारी गाडी, मागे सायरन, आणि मधे कुणाचं तरी कुंपण, दुकानाची काच किंवा रस्त्याकडेला उभी केलेली गाडी. नुकसान झालेल्या माणसाचा त्या पाठलागाशी काडीचाही संबंध नसतो. पळणारा पकडला जातो, पोलीस निघून जातात आणि हा माणूस विचारत राहतो की पैसे कुणाकडे मागायचे. त्याच्यासाठी हे पान आहे. कायदा देशागणिक बदलतो, म्हणून उदाहरण देताना ते कुठल्या देशातलं आहे हे दर वेळी सांगितलं आहे. प्रत्यक्ष दावा करण्याआधी तुमच्या भागातल्या वकिलाला जरूर दाखवा.

पाठलागात माझी भिंत पडली. पोलीस भरपाई देतील का?

देतीलही, पण आपणहून आणि लगेच देतील असं धरून चालू नका. उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. तुमच्या भिंतीला पळणाऱ्याची गाडी धडकली की पोलिसांची? पोलिसांची असेल, तर धडक चुकून बसली की त्यांनी ती ठरवून दिली? आणि तुमच्या देशातला कायदा ‘पोलिसांची चूक होती का’ एवढंच विचारतो, की चूक नसतानाही निरपराध माणसाला भरपाई देतो?

व्यवहारात पहिला पैसा बहुतेक वेळा विम्यातून येतो: पळणाऱ्याच्या, नाहीतर तुमच्या स्वतःच्या. पोलिसांवरचा दावा नंतर येतो आणि त्याला वेळ लागतो. मात्र त्याची तयारी पहिल्याच दिवशी करावी लागते, कारण पुरावे टिकत नाहीत.

धडकली ती पळणाऱ्याची गाडी. मग पोलिसांचा काय संबंध?

सरकारी वकील नेमकं हेच विचारतात. गाडी त्याची, स्टिअरिंग त्याच्या हातात, थांबायचं नाही हे त्यानं ठरवलं. मग नुकसान पोलिसांनी कसं केलं? अमेरिकेतल्या काही न्यायालयांनी हे म्हणणं बरीच वर्षं जवळपास जसंच्या तसं मान्य केलं. पोलिसांची गाडी प्रत्यक्ष लागली नसेल, तर पाठलाग हे नुकसानीचं कारणच नाही, असा तो नियम. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये तो मोडीत काढला. पाठलाग आणि धडक यांचा कार्यकारणसंबंध असू शकतो, त्याचा निर्णय प्रत्येक प्रकरणात पुरावा पाहून करावा, असं न्यायालय म्हणालं. तरीही त्या प्रकरणातले पोलीस सुटले, कारण तिथला कायदा अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरण्याआधी साध्या चुकीपेक्षा बरंच जास्त काही मागतो: बेदरकारपणा किंवा दुष्ट हेतू.

फ्लोरिडातलं १९९२ चं प्रकरण याहून बोलकं आहे. एकानं लाल सिग्नल तोडला, एवढ्यावरून पोलिसांच्या अनेक गाड्या भर वेगात त्याच्या मागे लागल्या. पळणारी गाडी दुसऱ्या एका गाडीवर आदळली आणि त्यातल्या दोन बहिणी मृत्युमुखी पडल्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असा पाठलाग इतरांच्या जिवावर बेतू शकतो हे पोलिसांना कळायला हवं होतं, आणि त्यांच्यावरचा दावा चालू शकतो. प्रकरण जिवाचं होतं, मालमत्तेचं नव्हे. पण त्यातला विचार भिंतीलाही लागू पडतो. किरकोळ कारणासाठी मोठा धोका पत्करला असेल, तर त्या धोक्याचा हिशेब कुणीतरी द्यायला हवा.

कॅलिफोर्नियात वाट आणखी अरुंद आहे. तिथल्या वाहन कायद्याचं कलम १७००४.७ असं सांगतं की पोलीस खात्यानं पाठलागाची लेखी नियमावली स्वीकारली असेल आणि आपल्या लोकांना तिचं नियमित प्रशिक्षण दिलं असेल, तर पळणाऱ्याच्या गाडीनं केलेल्या नुकसानीसाठी ते खातं जबाबदार धरलं जात नाही. त्या दिवशी नियमावली पाळली गेली की नाही, हा प्रश्नच तिथे उरत नाही. मला हे पटत नाही. प्रशिक्षण द्यायला उत्तेजन म्हणून ही तरतूद केली हे मान्य, पण कपाटात नियमावली असल्यानं शेजारच्या माणसाची भिंत परत उभी राहत नाही.

पोलिसांचीच गाडी येऊन धडकली तर?

तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम आहे. सायरन आणि दिवा लावलेल्या गाडीला वेगमर्यादा आणि सिग्नल यांतून सूट मिळते, पण ती सूट काळजी न घेण्याची नसते. ब्रिटनमध्ये पोलीस चालकानं परिस्थिती पाहून वाजवी काळजी घेतली पाहिजे, ही कसोटी न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितली आहे. अधिकाऱ्याच्या चुकीची जबाबदारी त्याच्या दलाच्या प्रमुखावर येते, त्यामुळे दावा प्रमुखाच्या नावे होतो. त्या चालकाच्या मागे लागावं लागत नाही. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एका वृद्ध महिलेच्या प्रकरणात हाच पाया पक्का केला. भर रस्त्यात एका संशयिताला पकडताना झालेल्या झटापटीत ती खाली पडून जखमी झाली होती. पोलिसांनी स्वतःच्या कृतीनं इजा केली असेल, तर त्यांना इतर कुणाहीसारखं जबाबदार धरायचं, असं न्यायालय म्हणालं.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६५ खालची अपघात दावा न्यायाधिकरणं त्रयस्थाच्या मालमत्तेचं नुकसानही पाहतात. फक्त जखमी किंवा मृतांच्याच दाव्यांसाठी ती आहेत, असा गैरसमज फार पसरलेला आहे. पोलीस गाडीची मालक सरकार असते आणि सरकारी कामाच्या गाड्यांना विम्याच्या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे समोर विमा कंपनी नसेलही. तेव्हा पैसे सरकारी तिजोरीतून यावे लागतात.

पोलिसांनी त्याला मुद्दाम धडक दिली आणि तो माझ्या अंगणात घुसला. हे त्यांना करता येतं का?

बऱ्याच ठिकाणी, ठरावीक मर्यादेत, येतं. पळणाऱ्या गाडीच्या मागच्या कोपऱ्याला बाजूनं ढकलून ती फिरवायची, रस्त्यावर खिळ्यांची पट्टी टाकायची, गाड्या आडव्या लावायच्या, हे प्रकार अनेक पोलीस दलांच्या प्रशिक्षणात आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये जॉर्जियातल्या अशाच एका प्रकरणात पोलिसांच्या बाजूनं निकाल दिला. वेगात पळणाऱ्या तरुणाच्या गाडीला मागून धडक दिल्यावर त्याला कायमचं अपंगत्व आलं होतं. पोलिसांच्या गाडीतलं चित्रीकरण पाहून न्यायाधीशांनी ती धडक वाजवी ठरवली. त्याआधी १९९८ मध्ये त्याच न्यायालयानं आणखी कडक कसोटी घालून दिली होती: पाठलागात कुणी मेलं तरी, अटकेशी संबंध नसलेला इजा करण्याचा हेतू दिसल्याशिवाय पोलिसांनी संविधानाचा भंग केला असं म्हणता येणार नाही.

हे निकाल दाखवून तुमचा दावा फेटाळला जात असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते पळणाऱ्याच्या किंवा त्याच्यासोबत बसलेल्याच्या संविधानिक हक्कांबद्दल आहेत. धडक देणं वाजवी होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. वाजवी धडकेत तिसऱ्याचंच अंगण उद्ध्वस्त झालं, तर त्याचा खर्च कुणी सोसायचा, याचं उत्तर त्यांत नाही. उलट धडक ठरवून दिली होती म्हणजे जागाही पोलिसांनीच निवडली होती, आणि हा मुद्दा तुमच्या बाजूनं जातो. समोर वस्ती दिसत असताना तिथेच का, मोकळ्या रस्त्यावर का नाही, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०१२ मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली. पोलिसांनी पळणाऱ्याला थांबवायला आपल्या गाड्या जाणूनबुजून त्याच्या गाडीवर घातल्या. त्या गाड्यांची भरपाई पळणाऱ्याच्या विमा कंपनीनं द्यायची, असा निकाल झाला. तो पळाला म्हणूनच ही धडक झाली, हा त्यामागचा विचार. पोलिसांना आपल्या गाड्यांचे पैसे या मार्गानं मिळू शकतात, तर तुमच्या भिंतीसाठीही हा रस्ता आधी तपासून पाहावा.

पोलिसांनी सगळं नियमानुसार केलं, कुणाचीच चूक नाही. मग नुकसान माझंच?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. पोलिसांचं चुकलं का, हा एक. सगळ्यांच्या भल्यासाठी केलेल्या कामाचा खर्च एकट्यानं का उचलायचा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं की अनेक कार्यालयं फाईल बंद करतात. दुसरा प्रश्न तसाच राहतो.

फ्रान्सनं तो १९४९ मध्येच हातात घेतला. पॅरिसमध्ये पोलिसांच्या इशाऱ्यावर न थांबलेल्या गाडीवर पोलिसांनी गोळी झाडली आणि ती बाजूलाच बसलेल्या, काहीही संबंध नसलेल्या माणसाला लागली. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं सांगितलं की माणसांना आणि मालमत्तेला असाधारण धोका असलेली शस्त्रं पोलीस वापरतात, तेव्हा त्रयस्थाला पोलिसांची चूक सिद्ध करावी लागणार नाही. सार्वजनिक व्यवस्थेचा फायदा सगळ्यांना मिळतो, म्हणून तिचं ओझं एकावर पडू नये, हा त्यामागचा आधार. गाडी म्हणजे शस्त्र नव्हे, आणि सरकारी वाहनांनी केलेल्या नुकसानीचे दावे फ्रान्समध्ये १९५७ च्या कायद्यानं साध्या दिवाणी न्यायालयांकडे जातात. पण मूळ तत्त्व इतकं स्वच्छ शब्दांत फार थोड्या ठिकाणी मांडलं गेलं आहे. जर्मनीतही राज्यांच्या पोलीस कायद्यांत, ज्यानं धोका निर्माण केला नाही अशा माणसाला पोलिसी कारवाईची झळ लागली तर त्याला भरपाईची तरतूद असते.

अमेरिकेत हा वाद संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीवर येऊन थांबतो. सार्वजनिक वापरासाठी खासगी मालमत्ता घेतली तर न्याय्य मोबदला द्यायचा, असं ती सांगते. पाठलाग करताना पोलिसांनी घर मोडलं, तर ते ‘घेतलं’ असं म्हणायचं का? राज्यागणिक उत्तर वेगळं मिळालं आहे. मिनेसोटात १९८६ मध्ये पोलिसांपासून गाडीतून पळालेल्या दोघांपैकी एक जण पायी पळून एका महिलेच्या घरात लपला. त्याला बाहेर काढायला पोलिसांनी अश्रुधूर आणि स्फोटक नळकांडी वापरली आणि घराचं सुमारे ७१ हजार डॉलरचं नुकसान झालं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये मिनेसोटाच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे शहरानं भरपाई द्यावी असं ठरवलं. चारच वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं उलट निकाल दिला. तिथे एका दुकानात अश्रुधूर सोडल्यामुळे पावणेतीन लाख डॉलरहून अधिकचा माल आणि इमारत खराब झाली होती.

कोलोरॅडोतलं प्रकरण वाचताना आजही वाईट वाटतं. २०१५ मध्ये दुकानातून चोरी केल्याचा संशय असलेला माणूस पोलिसांना चुकवत एका अनोळखी कुटुंबाच्या घरात शिरला. १९ तास वेढा चालला. शेवटी ते घर राहण्याजोगं उरलं नाही आणि पाडावं लागलं. शहरानं देऊ केले ५ हजार डॉलर. संघराज्याच्या अपील न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं की ही पोलिसी अधिकाराची कारवाई आहे, मालमत्ता घेणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला. टेक्सासमध्ये २०२० साली असंच घडलं, ज्यूरीनं घरमालकिणीला सुमारे ६० हजार डॉलर मंजूर केले, आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयानं संघराज्याच्या संविधानाखालचा तो निकाल फिरवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेही ऐकलं नाही, पण दोन न्यायाधीशांनी मिळून एका वेगळ्या निवेदनात लिहून ठेवलं की हा प्रश्न महत्त्वाचा आणि गंभीर आहे. म्हणजे तो संपलेला नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्या राज्याची घटना नक्की पाहावी, कारण काही राज्यांच्या घटनांत ‘घेतलेली’ मालमत्ता याच्या जोडीला ‘नुकसान केलेली’ असेही शब्द आहेत.

ब्रिटनचा विरोधाभास तर डोळ्यांत भरतो. दंगलीत मालमत्तेचं नुकसान झालं तर पोलिसांची चूक न विचारता पोलीस निधीतून भरपाई द्यायची, हा तिथला नियम १८८६ पासून आहे आणि २०१६ च्या कायद्यानं तो नव्यानं मांडला. जमावानं काच फोडली तर चूक कुणी विचारत नाही, आणि पाठलागात तीच काच फुटली तर आधी चूक सिद्ध करा म्हणतात. दुकानदाराच्या दृष्टीनं दोन्हींत फरक काय?

‘पोलिसांना हे करणं भागच होतं’ असं उत्तर आलं. आता?

भाग होतं का, आणि नीट केलं का, हे वेगळे मुद्दे आहेत. इंग्लंडमधल्या १९८५ च्या निकालात ही फोड फार छान दिसते. बंदुकांच्या दुकानात शिरलेल्या एका धोकादायक माणसाला बाहेर काढायला पोलिसांनी अश्रुधुराचं नळकांडं आत सोडलं आणि दुकान जळालं. ते सोडण्याची गरज न्यायालयानं मान्य केली. पण असं नळकांडं आग लावू शकतं हे माहीत असताना आग विझवण्याची सोय जवळ न ठेवणं, हा निष्काळजीपणा ठरला आणि मालकाला भरपाई मिळाली. तुमच्या प्रकरणातही असंच विचारा. पट्टी टाकली, पण बाजूचा रस्ता रिकामा केला होता का? पाठलाग सुरू ठेवला, पण गाडीचा नंबर आणि चालक आधीच ओळखले गेले होते का?

भारतात सरकारवर दावा होऊ शकतो का?

होऊ शकतो, पण वाट सरळ नाही. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान सरकारला सरकारी जीपच्या अपघातासाठी जबाबदार धरलं. ती जीप दुरुस्तीहून परत येत होती. १९६५ मध्ये मात्र त्याच न्यायालयानं, पोलिसांनी जप्त केलेलं सोनं हवालदारच घेऊन पळाला अशा प्रकरणात सरकारची जबाबदारी नाकारली. अटक आणि जप्ती ही सार्वभौम, म्हणजे फक्त राज्यसत्ताच करू शकते अशी, कामं आहेत, त्यांतल्या चुकीसाठी सरकारवर दावा चालत नाही, असं कारण दिलं. गुन्हेगाराचा पाठलाग याच खान्यात टाकायचा प्रयत्न होतो. पण १९९४ मध्ये जप्त माल सडून गेल्याच्या प्रकरणात न्यायालयानं ही सार्वभौम आणि इतर कामांची जुनी विभागणी आजच्या कल्याणकारी राज्यात टिकत नाही असं स्पष्ट म्हटलं आणि सरकारला भरपाई द्यायला लावली. वकिलाशी बोलताना १९६५ आणि १९९४ दोन्ही निकालांचा विषय काढा. पोलिसांच्या गाडीनंच नुकसान केलं असेल तर सार्वभौम कामाच्या वादात न शिरता मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्ग आधी तपासा.

पळून गेलेल्या गाडीवाल्याकडून वसूल करता येतं का?

कायद्यानं खरा देणेकरी तोच. दिवाणी दावा करता येतो, आणि फौजदारी खटल्यातही बऱ्याच देशांत न्यायालय शिक्षेबरोबर भरपाईचा हुकूम देऊ शकतं. भारतात तो अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्ये आहे. त्यासाठी सरकारी वकिलाला तुमच्या नुकसानीचा आकडा आणि पावत्या वेळेत मिळाल्या पाहिजेत. खटला माणसांच्या इजेभोवती फिरतो आणि भिंतीचा उल्लेखसुद्धा होत नाही, असं वारंवार घडतं. अडचण अशी की पळणाऱ्यांपैकी पुष्कळांकडे ना विमा असतो, ना वसूल करण्याजोगं काही.

गाडीला विमाच नव्हता किंवा ती चोरीची होती तर?

काही देशांत यासाठी सामायिक निधी असतो. ब्रिटनमध्ये १९४६ पासून विमा कंपन्यांनी मिळून चालवलेली मोटार इन्शुरर्स ब्युरो ही संस्था विमा नसलेल्या गाड्यांच्या बळींना पैसे देते. चालक सापडलाच नाही तर मालमत्तेच्या दाव्यावर तिच्या अटी बऱ्याच कडक आहेत. भारतात १ एप्रिल २०२२ पासूनची ठोकून पळून गेलेल्या वाहनांची योजना मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये देते. मालमत्तेसाठी त्यात काहीच नाही. चोरी झालेल्या गाडीच्या मूळ मालकाला धरून काही हाती लागेल अशी अपेक्षा सहसा ठेवू नका. तोही तुमच्यासारखाच पोळलेला असतो.

माझ्या स्वतःच्या विम्यातून मिळेल का?

बहुधा मिळेल, आणि लवकर मिळेल. गाडी येऊन आपटल्याची जोखीम घराच्या बऱ्याच पॉलिसींत असते. उभ्या गाडीसाठी मात्र फक्त थर्ड पार्टी विमा पुरत नाही, स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण लागतं. पॉलिसीत एक वाक्य आवर्जून शोधा: ‘सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशानं झालेलं नुकसान वगळलं आहे’. टेक्सासच्या त्या घरमालकिणीला विमा कंपनीनं नाही म्हटलं ते अशाच अटीवर बोट ठेवून. पळणाऱ्यानं आपटलेली गाडी आणि पोलिसांनी हेतुपुरस्सर तोडलेलं दार यांत कंपनी फरक करू शकते, म्हणून अर्जात घटना जशी घडली तशीच, क्रमानं लिहा.

कंपनीनं पैसे दिले की वसुलीचा हक्क तेवढ्यापुरता तिच्याकडे जातो आणि ती पोलिसांवर किंवा पळणाऱ्यावर दावा करू शकते. पण पॉलिसीप्रमाणे जी सुरुवातीची ठरलेली रक्कम कंपनी देत नाही आणि तुमच्या खिशातून जाते (डिडक्टिबल), ती परत मिळवण्याचा हक्क तुमचाच असतो. ती वसुलीत धरायला कंपनीला लेखी सांगा.

घटनेनंतर लगेच काय करायचं?

आधी माणसं सुरक्षित आहेत ना, गॅस, वीज, पाणी बंद केलं ना, हे पाहा. मग ढिगारा हलवण्याआधी फोटो काढा: लांबून, जवळून, टायरच्या खुणांसकट, गाड्यांचे नंबर दिसतील असे. पोलिसांनी पंचनामा केला तर त्यात तुमच्या नुकसानीची नोंद आहे याची खात्री करूनच सही करा आणि प्रत मागा. तक्रार क्रमांक, आलेल्या अधिकाऱ्यांची नावं आणि ठाणं लिहून घ्या.

सर्वांत घाई चित्रीकरणाची करा. शेजाऱ्यांचे आणि दुकानांचे कॅमेरे काही दिवसांत, कधी काही तासांत, जुन्यावर नवं चित्रीकरण करतात. त्यांना त्याच दिवशी भेटून फाईल कॉपी करून घ्या. पोलिसांच्या गाडीतलं आणि अंगावरचं चित्रीकरण, वायरलेसवरचं संभाषण, पाठलाग केव्हा सुरू झाला आणि कुणाच्या परवानगीनं चालू राहिला याची नोंद, हे सगळं जपून ठेवा असं पत्र ताबडतोब द्या. नंतर माहिती अधिकारात मागता येतं. भारतात त्याची साधारण मुदत ३० दिवस आहे, ब्रिटनमध्ये कामाचे २० दिवस. पण मिटवलेलं चित्रीकरण कुठलाही अधिकार परत आणू शकत नाही.

पाऊस आत येऊ नये म्हणून ताडपत्री, तात्पुरतं कुंपण, फळ्या, हा खर्च जरूर करा आणि पावती ठेवा. नुकसान वाढू न देणं तुमच्यावरही बंधनकारक असतं.

दावा करायला किती मुदत असते?

सरकारविरुद्धची मुदत नेहमीच्या दाव्यापेक्षा लहान असू शकते, आणि चांगले दावे इथेच मरतात. कॅलिफोर्नियात वाहन किंवा सामानाच्या नुकसानीसाठी सरकारी संस्थेकडे सहा महिन्यांत लेखी मागणी करावी लागते, घर-जमिनीसाठी वर्षभरात. भारतात सरकारवर दिवाणी दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते. मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज करायला २०१९ च्या दुरुस्तीनं सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे. इंग्लंडमध्ये मालमत्तेच्या नुकसानीला सहा वर्षं मिळतात. ‘चौकशी चालू आहे, निकाल लागला की बघू’ असं ठाण्यात सांगितलं तरी मुदत थांबत नाही.

पोलिसांनी स्वतःचीच नियमावली मोडली असेल तर?

तो चांगला पुरावा आहे. मात्र दर ठिकाणी तेवढ्यावर दावा जिंकता येत नाही. नियमावलीत साधारणपणे गुन्ह्याचं गांभीर्य, रहदारी, हवामान, वस्ती, वरिष्ठांची परवानगी आणि पाठलाग केव्हा सोडायचा हे असतं. अमेरिकेतल्या पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या संस्थेनं २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचवलं की हिंसक गुन्हा घडला असेल आणि संशयिताकडून पुन्हा लगेच हिंसा होण्याचा धोका असेल, तेव्हाच पाठलाग करावा. न्यूझीलंडनं डिसेंबर २०२० मध्ये पाठलागांवर कडक मर्यादा घातली आणि मे २०२३ मध्ये ती पुन्हा सैल केली. म्हणून घटनेच्या तारखेला कोणती आवृत्ती लागू होती, तीच मागवा.

दुकान पंधरा दिवस बंद राहिलं. ते पैसे मिळतात का?

तुमच्याच मालमत्तेला धक्का लागल्यामुळे उत्पन्न बुडालं असेल, तर ते दाव्यात धरता येतं. आधीच्या महिन्यांचे हिशेब आणि कराची विवरणं लागतील. तुमचं काही मोडलं नाही, पण पोलिसांनी रस्ता बंद केला म्हणून गिऱ्हाईक आलं नाही, तर मिळणं फार कठीण. भाडेकरू आपल्या सामानाचा, मालक इमारतीचा दावा करतो, त्यामुळे दोघांनी आधी बोलून घ्यावं.

भरपाई द्यावी लागली तर पोलीस पाठलाग करायला कचरणार नाहीत का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून नीट उत्तर देतो. पैसे अधिकाऱ्याच्या पगारातून जाणार असतील तर तो कचरेल, आणि ते योग्यही नाही. पण इथे मागणी खात्याकडे, म्हणजे सार्वजनिक निधीकडे आहे. त्या रात्री जीव धोक्यात घालून गाडी चालवणाऱ्या शिपायाला दोषी न ठरवताही शेजारच्या भिंतीचे पैसे देता येतात. फ्रान्सचा १९४९ चा निकाल यावरच उभा आहे. खर्च खात्याच्या वहीत दिसू लागला, तर सिग्नल तोडणाऱ्यामागे वस्तीतून भरधाव जायचं का, याचा विचार वरिष्ठ आधी करतील. आज तो खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, कारण तो घरमालकाच्या खिशातून जातो.

पोलिसांकडून थोडी रक्कम आली आहे, पण एका कागदावर सही मागतात. करू का?

वाचल्याशिवाय नको. ‘याउपर कोणतीही मागणी राहिलेली नाही’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर सही केल्यावर पुढचे सगळे रस्ते बंद होऊ शकतात. पायाला गेलेली तडा, आत मुरलेलं पाणी, वाकलेली तुळई अशा गोष्टी कळायला आठवडे लागतात, म्हणून आधी बांधकाम तपासनीसाकडून लेखी अंदाज घ्या. तातडीनं पैशांची गरज असेल तर रक्कम ‘हक्क राखून, अंशतः’ स्वीकारत असल्याचं लिहून द्यायची तयारी दाखवा आणि त्यांचं उत्तरही लेखीच मागा.